स्त्रियांनीं केलेला तह : कॅम्ब्रे, इ. स. १५२९

मुंबई बेट इंग्रजांच्या हातीं कसें आलें, असें इतिहासाच्या तासाला विचारलें कीं सारा वर्ग एकच उत्तर देतो : पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नांत तें आंदण म्हणून मिळालें. उत्तर खोटें नाहीं. परंतु हें आंदण ठरविलें कोणीं, असा दुसरा प्रश्न केला म्हणजे वर्ग स्तब्ध होतो. १६६१ सालीं हा विवाहाचा करार झाला तेव्हां राजकन्या कॅथरीन हिचे वडील वारले होते, भाऊ नांवाचा राजा होता, आणि पोर्तुगालचा कारभार १६५६ पासून तिची आई लुइसा ही राजप्रतिनिधि या नात्यानें पाहत होती. मुंबईचें भवितव्य ज्या कागदानें ठरलें त्याच्यामागें एक विधवा राजमाता उभी होती. पाठ्यपुस्तकांत मुलीचें नांव आलें. आईचें नांव तेथें आलें नाहीं.

युरोपच्या इतिहासांत अशा स्त्रिया थोड्या नाहींत. कॅस्टाइलची इझाबेला किंवा इंग्लंडची एलिझाबेथ या स्वतःच्या हक्कानें सिंहासनावर बसल्या, म्हणून त्यांचीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. पण ज्यांच्या मस्तकीं मुकुट नव्हता आणि तरीहि ज्यांनीं राज्यें चालविलीं, त्या आई, आत्या, बहीण, विधवा या नात्यांच्या बळावर चालविल्या गेलेल्या कारभाराची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अशाच दोन स्त्रियांनीं पंधराशें एकोणतीस सालीं जें कार्य केलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें आम्ही येथें ठेवीत आहों.

एकीचें नांव लुईझ. ही आल्प्स पर्वताच्या कुशींत वसलेल्या सव्हॉय संस्थानच्या घराण्यांतील. जन्म १४७६ चा. दुसरी मार्गारेट, ही हॅप्सबर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनची मुलगी, जन्म १४८०. दोघींचीहि आई लहानपणींच गेली, आणि दोघींनाहि कांहीं काळ एकाच बाईच्या देखरेखीखालीं वाढावें लागलें. ती बाई म्हणजे फ्रान्सची अॅन. १४८३ मध्यें तिचा तेरा वर्षांचा भाऊ आठवा चार्ल्स गादीवर आला, तेव्हां बावीस वर्षांच्या या बहिणीनें कारभार हातीं घेतला आणि सुमारें आठ वर्षें तो अशा रीतीनें चालविला कीं मोठमोठे सरदार तिच्यापुढें नमले. फ्रान्समध्यें स्त्रीला गादीचा वारसा नाहीं असा दंडक होता. मौज अशी कीं या दंडकामुळेंच तेथें आईला किंवा बहिणीला राजप्रतिनिधि नेमणें निर्धास्तपणाचें वाटे. चुलता किंवा चुलतभाऊ कारभारी झाला तर तो उद्यां स्वतःच राजा होऊन बसेल. आईला तें शक्यच नाहीं. ज्या कायद्यानें स्त्रीला सिंहासनापासून दूर ठेविलें, त्यानेंच तिला सिंहासनाच्या बाजूची जागा दिली. अॅननें ही गोष्ट पुरती ओळखली होती. राजघराण्यांतील स्त्रीनें कसें वागावें याविषयीं तिनें आपल्या मुलीसाठीं एक उपदेशपर पुस्तकहि लिहून ठेविलें. तिच्या घरांत वाढलेल्या मुलींनीं पुस्तकापेक्षां तिच्याकडे पाहूनच अधिक शिकून घेतलें असावें, असें आम्हांस वाटतें.

मार्गारेट या घरांत आली ती नियोजित वधू म्हणून. १४८२ च्या एका तहान्वये तिचें लग्न या आठव्या चार्ल्सशीं ठरलें, आणि तीन वर्षांची असतांना तिला फ्रान्सला पाठविण्यांत आलें. तेथें ती भावी राणी म्हणून वाढली. परंतु १४९१ मध्यें चार्ल्सनें एकाएकीं ब्रिटनी प्रांताच्या वारस मुलीशीं लग्न लाविलें. कारण त्या मुलीबरोबर तो प्रांत मिळत होता. अकरा वर्षांची मार्गारेट आतां कोणालाच नको होती. तरी तिच्या आंदणाचे प्रांत सोडवेनात म्हणून तिला आणखी दोन वर्षें अडकवून ठेविलें, आणि तेराव्या वर्षीं ती माहेरीं परत आली. पुढें १४९७ मध्यें स्पेनच्या युवराजाशीं तिचा विवाह झाला. स्पेनला जातांना समुद्रांत मोठें वादळ झालें, तेव्हां तिनें स्वतःच्या थडग्यावर कोरण्यासाठीं थट्टेच्या ओळी रचल्या अशी गोष्ट सांगतात. सहा महिन्यांत तो युवराज वारला. पोटांतलें मूलहि मृत जन्मलें. १५०१ मध्यें तिसऱ्यांदां लग्न झालें तें सव्हॉयचा ड्यूक फिलिबर याच्याशीं. हा फिलिबर लुईझचा सख्खा भाऊ. याप्रमाणें बालपणच्या ओळखीच्या या दोघी नणंद-भावजय झाल्या. हा संसार मात्र सुखाचा होता. पण तीनच वर्षांनीं, १५०४ मध्यें, चोविसाव्या वर्षीं फिलिबर मरण पावला.

त्यानंतर मार्गारेटनें लग्न केलें नाहीं. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीचें मागणें आलें, बापानेंहि आग्रह धरिला. तिनें नकार दिला. ही दृढता सामान्य नव्हे. राजकन्येला पटावरील सोंगटीप्रमाणें इकडून तिकडे सरकविण्याचा तो काळ; आणि विधवा झाल्यावरच तिला स्वतःचें घर, स्वतःचें उत्पन्न व स्वतःचें मत मिळत असे. १५०६ मध्यें तिचा भाऊ फिलिप वारला. भावजय स्पेनमध्यें होती. मुलें नेदर्लंड्समध्यें होतीं. १५०७ पासून मार्गारेट त्या प्रांतांची राज्यपाल आणि सहासात वर्षांच्या भाच्याची पालक झाली. हाच भाचा पुढें सम्राट पांचवा चार्ल्स म्हणून प्रसिद्धीस आला. मेखेलेन येथील तिच्या वाड्यांत त्याच्यासह त्याच्या तीन बहिणी वाढल्या. वाड्यांत मोठा ग्रंथसंग्रह होता, उत्तम चित्रें होतीं, आणि दूरदूरचीं घराणीं आपल्या मुली रीतभात शिकण्यासाठीं तेथें पाठवीत. १५१५ मध्यें भाच्याला सज्ञान ठरवून आत्याबाईंस बाजूला सारण्यांत आलें. पण त्यांच्यावांचून चालत नाहीं हें लवकरच दिसून आलें, आणि १५१९ मध्यें त्यांच्याकडेच कारभार पुन्हा सोंपविला गेला.

लुईझची कथा याहून सरळ आहे. अकराव्या वर्षीं लग्न, एकोणिसाव्या वर्षीं वैधव्य, पदरीं एक मुलगी व एक मुलगा. मुलगी मार्गरीत ही पुढें नाव्हारची राणी व नामांकित लेखिका झाली. मुलगा फ्रान्सिस हा राजाचा चुलत नातलग. राजाला पुत्र झाला असता तर त्याला कोणी विचारलें नसतें. लुईझनें वीस वर्षें वाट पाहिली. तिची एक रोजनिशी उपलब्ध आहे. तींत मुलाला ती रोमच्या सीझरची उपमा देते. १५१५ च्या पहिल्याच दिवशीं तो फ्रान्सचा राजा झाला आणि त्याच वर्षीं इटलीच्या मोहिमेवर जातांना त्यानें राज्य आईच्या हवालीं केलें. लुईझ लोभी होती हेंहि येथें सांगितलें पाहिजे. जिनें तिला वाढविलें त्या अॅनची मुलगी १५२१ मध्यें वारतांच तिनें तिच्या इस्टेटीवर दावा लाविला, आणि त्या मुलीचा पति, फ्रान्सचा मुख्य सेनापति बूर्बों, संतापून शत्रूस जाऊन मिळाला. या एका लोभाची किंमत फ्रान्सनें पुढें फार मोठी दिली.

ती किंमत २४ फेब्रुवारी १५२५ रोजीं इटलींतील पाव्हिया येथें मोजावी लागली. सम्राट चार्ल्सच्या सैन्यानें फ्रेंचांची धूळधाण केली. खुद्द राजा फ्रान्सिस कैद झाला. आणि जिंकणाऱ्यांत तोच बूर्बों होता. राजा माद्रिदला नेला गेला. फ्रान्सला राजा नाहीं, सैन्य नाहीं, पैसा नाहीं. पॅरिसच्या न्यायसभेंत लुईझविरुद्ध कुरबूर सुरू झाली. तिच्या जागीं राजघराण्यांतील व्हांदोमच्या ड्यूकाला नेमावें असा विचार निघाला. पण त्यानेंच तो नाकारून तिच्या मंत्रिमंडळांत काम पत्करलें. लियाँ शहरीं राहून तिनें उरलेल्या सैनिकांचा पगार भागविला, सरहद्दीवरचे किल्ले सांवरले, आणि ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या आठव्या हेन्रीशीं तह करून त्याला शत्रुपक्षापासून फोडलें. एवढ्यावर ती थांबली नाहीं. तिनें तुर्कस्तानचा सुलतान सुलेमान याजकडे मदतीसाठीं वकील धाडला. पहिला वकील वाटेंत बोस्नियांत मारला गेला. तेव्हां दुसरा पाठविला, तो जोड्यांच्या तळव्यांत पत्रें लपवून सुलतानापर्यंत पोहोंचला. ख्रिस्ती राजाच्या आईनें तुर्काची मदत मागावी याचा तेव्हां केवढा गवगवा झाला असेल, याची कल्पनाच करावी!

शेवटीं १४ जानेवारी १५२६ रोजीं माद्रिदचा तह झाला. फ्रान्सिसनें बर्गंडी प्रांत देण्याचें कबूल केलें, आणि तो देईपर्यंत ओलीस ठेवावयाचे ठरलें. ओलीस कोण, हें ठरविण्यांत फ्रान्सला निवड दिली होती : एक तर राजाचे दोन थोरले मुलगे, नाहीं तर थोरला मुलगा आणि त्याच्याबरोबर राज्यांतील बारा प्रमुख सरदार. निवड लुईझला करावी लागली. सरदार गेले तर राज्याचें रक्षण कोण करणार? तिनें सरदार ठेवून घेतले आणि दोन्ही नातू दिले. थोरला फ्रान्सिस नुकताच आठ वर्षांचा झाला होता; धाकट्या हेन्रीला सातवें वर्ष पुरें होण्यास दोन आठवडे उरले होते. त्यांची आई क्लोद दोन वर्षांपूर्वींच निवर्तली होती. आजी स्वतः त्यांना घेऊन स्पेनच्या सरहद्दीकडे गेली. १७ मार्च रोजीं बिदासोआ नदीवर एका बाजूनें बाप आला, दुसऱ्या बाजूनें मुलें गेलीं.

राज्यावर पाऊल ठेवतांच फ्रान्सिसनें तह मोडला. कैदेंत घेतलेलें वचन बंधनकारक नाहीं असें त्याचें म्हणणें. राजनीतिशास्त्रांत याचें समर्थन करतां येईल; पण मुलें शत्रूच्या हातीं असतांना बापानें असें करावें हें आम्हांस कधींच रुचलें नाहीं. त्याचा परिणाम मुलांनाच भोगावा लागला. फ्रेंच सेवक काढून घेण्यांत आले, पहारे वाढले, आणि अखेर त्यांना पेद्रासा नांवाच्या डोंगरी किल्ल्यांत ठेवण्यांत आलें.

इकडे युद्ध चालूच होतें. १५२७ मध्यें पगार न मिळालेल्या सम्राटाच्या सैन्यानें रोम लुटलें. बूर्बों त्याच हल्ल्यांत ठार झाला. १५२८ मध्यें नेपल्सला वेढा घातलेलें फ्रेंच सैन्य रोगराईनें नष्ट झालें. त्याच वर्षीं चार्ल्सनें फ्रान्सिसला वचनभंगी म्हटलें, फ्रान्सिसनें त्याला द्वंद्वयुद्धाचें आव्हान दिलें. युरोपांतील दोन सर्वांत मोठे राजे मल्लांप्रमाणें एकमेकांना मैदानांत बोलावीत होते! तें द्वंद्व झालें नाहीं. पण एवढें बोलून झाल्यावर दोघांपैकीं कोणालाहि प्रथम तहाचा शब्द काढणें शक्य उरलें नाहीं. जो आधीं बोलेल तो भ्याला, असेंच जग म्हणणार. दोघांचेहि खजिने रिते झाले होते आणि पूर्वेकडून सुलेमान व्हिएन्नाच्या रोखानें येत होता. तरी दोघेहि आपापल्या मानाच्या खांबाला बांधलेले.

ही गांठ मार्गारेट आणि लुईझ यांनीं सोडविली. १५२८ च्या अखेरीस लुईझचा चिटणीस गुपचूप मेखेलेनला गेला. नणंद-भावजयीनें एकमेकींस पत्रें लिहावीं यांत कोणाची मानहानि होणार? १५२९ च्या आरंभीं मार्गारेटनें भाच्याची समजूत घालण्यासाठीं जी कारणें मांडलीं तीं मोठीं मार्मिक आहेत. राजांनीं इतके कटु शब्द उच्चारले आहेत कीं त्यांनीं माघार घेतली तर लाज त्यांची. स्त्रियांनीं पुढाकार घेतला तर कोणाचीच नाहीं. शिवाय राजाला एकट्यानें क्षमा करणें जड जातें. आई आणि आत्या यांच्या विनंतीला मान दिला म्हटलें कीं तेंच सोपें होतें. आपापल्या मित्रराजांना काय सांगावें ही अडचण होती, तीहि अशीच सुटे : बायकांनीं केलें, आम्ही काय करणार! स्त्रियांना लोक कमी लेखीत, त्या कमी लेखण्याचाच तिनें असा उपयोग करून घेतला. एप्रिलमध्यें चार्ल्सनें तिला पूर्ण अधिकार दिला.

५ जुलै १५२९ रोजीं दोघी कॅम्ब्रे नगरांत आल्या. हें शहर फ्रान्स व नेदर्लंड्स यांच्या सीमेवर, तेथील बिशपच्या सत्तेखालीं, म्हणून दोहों पक्षांस सोईचें. मार्गारेट एका मठांत उतरली, लुईझ समोरच्या वाड्यांत. आणि रस्त्यावरून एक झांकलेला पूल बांधून दोन्ही घरें जोडण्यांत आलीं. सर्व शहर वकिलांनीं, सरदारांनीं, बातमीदारांनीं भरून गेलें होतें. इंग्लंडकडून आलेल्यांत प्रसिद्ध पंडित टॉमस मोर होता. पण खरें बोलणें त्या पुलाच्या दोन टोंकांना चालत होतें. लुईझबरोबर तिची मुलगी मार्गरीतहि होती. जुलैच्या अखेरीस सीमेवरील गांवांवरून बोलणें फिसकटण्याच्या बेतांत आलें. सामानाची बांधाबांध सुरू झाली. पुन्हा समेट झाला. ३ ऑगस्टला तह कायम झाला, आणि ५ ऑगस्टला तेथील मुख्य मंदिरांत त्याची शपथ घेण्यांत आली. लोक तेव्हांपासून त्याला स्त्रियांचा तह म्हणूं लागले, आणि इतिहासांतहि तेंच नांव रूढ झालें.

कलमें थोडक्यांत अशीं. फ्रान्सिसनें इटलीवरील सर्व हक्क सोडले, फ्लँडर्स व आर्त्वा या प्रांतांवरील अधिराज्य सोडलें. चार्ल्सनें बर्गंडीवरचा हक्क मनांत ठेवला, पण मागणें थांबविलें. मुलांच्या सुटकेसाठीं वीस लक्ष सोन्याचे एकू द्यावयाचे, पैकीं बारा लक्ष रोख. फ्रान्सिसनें चार्ल्सची थोरली बहीण एलेनोर हिच्याशीं लग्न करावयाचें. ही एलेनोर मार्गारेटच्याच वाड्यांत वाढलेली. ज्या मानुएल राजाच्या अमदानींत पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतलें, त्याची ही विधवा.

या तहानें सर्वांचें कल्याण झालें असें म्हणणें सत्याला सोडून होईल. फ्रान्सिसनें व्हेनिस, फ्लॉरेन्स इत्यादि इटालियन मित्रांना टाकणार नाहीं असें वचन दिलें होतें. कॅम्ब्रेच्या खोल्यांत तें वचन धुळीस मिळालें, आणि तें मिळतांना लुईझ डोळे मिटून बसली नव्हती. फ्लॉरेन्सला वेढा पडला. १५३० च्या ऑगस्टांत तें प्रजासत्ताक शरण गेलें. स्त्रिया वाटाघाटीस बसल्या म्हणजे दया आपोआप येऊन बसते असें नाहीं. आपल्या घरच्यांपुरती ती आली. फ्लॉरेन्सच्या आयांना तिचा लाभ झाला नाहीं.

तह होऊनहि मुलें लगेच सुटलीं नाहींत. त्या उन्हाळ्यांत लुईझचा एक सेवक त्यांना भेटण्यासाठीं पेद्रासाला गेला. जाड भिंतींची, लोखंडी गजांची एक कोंदट खोली; दोन दगडी बैठका; अंगावर साधे कपडे. आजीनें पाठविलेला माणूस फ्रेंच भाषेंत निरोप सांगूं लागला, तेव्हां थोरल्या राजपुत्रानें पहारेकऱ्याकडे वळून सांगितलें कीं याला स्पॅनिशमध्यें बोलावयास सांगा. तीन वर्षांत, बोलावयास कोणी नसल्यानें, फ्रान्सचा युवराज आपली मातृभाषा विसरला होता. त्या सेवकाच्या डोळ्यांत पाणी आलें. परत आल्यावर लुईझला त्यानें हें कोणत्या शब्दांत सांगितलें असेल? नातू देण्याची निवड तिचीच होती.

राज्यभर पैसा गोळा करण्यास महिने लागले. सोन्याचें वजन सुमारें चार टन भरलें. स्पॅनिश पारख्यांनीं नाणीं तपासलीं, तों त्यांत कसाला कमी असलेलीं निघालीं, तीं भरून द्यावीं लागलीं. अखेर १ जुलै १५३० रोजीं, त्याच बिदासोआ नदीवर, एकीकडून सोनें गेलें आणि दुसरीकडून मुलें आलीं. चार वर्षें आणि साडेतीन महिने झाले होते. त्यांच्याबरोबरच नवी राणी एलेनोर फ्रान्सला आली. धाकटा हेन्री पुढें राजा झाला. त्याची राणी कातरीन द मेदिची. हीहि त्याच्या पश्चात् मुलांच्या वतीनें फ्रान्सची राजप्रतिनिधि झाली. नेदर्लंड्समध्यें मार्गारेटच्या जागीं तिनेंच वाढविलेली भाची मेरी आली व तिनें १५५५ पर्यंत तेथें कारभार केला. अॅनच्या घरांत जो धडा सुरू झाला तो असा पिढ्यान् पिढ्या चालू राहिला.

दोन्ही राजांनीं १५३६ मध्यें पुन्हा तलवारी उपसल्या. पण तें पाहण्यास दोघीहि नव्हत्या. लुईझ सप्टेंबर १५३१ मध्यें वारली. त्याच्याहि आधीं, १ डिसेंबर १५३० रोजीं, पायाच्या दुखण्यानें मार्गारेटचा अंत झाला. आदल्या दिवशीं तिनें भाच्याला पत्र लिहविलें : तुझे प्रांत मजकडे सोंपविलेस त्याहून वाढवून परत करीत आहें, फ्रान्स व इंग्लंड यांच्या राजांशीं शांतता राख, एवढीच विनंति.

तिचा देह फ्रान्सच्या आग्नेय भागांत, त्या वेळच्या सव्हॉयच्या मुलखांत, ब्रू येथील मंदिरांत ठेवला आहे. हें मंदिर तिनें फिलिबरच्या स्मरणार्थ बांधविलें. तें पूर्ण झालेलें तिच्या दृष्टीस पडलें नाहीं. मूळ नवस तिच्या सासूचा होता. पति शिकारींत जखमी झाला असतां तिनें तो केला, पण फेडण्यापूर्वींच ती गेली. सासूचा नवस सुनेनें फेडला. आज तेथें संगमरवराचीं तीन थडगीं आहेत : मध्यें फिलिबर, एका बाजूस त्याची आई, दुसऱ्या बाजूस मार्गारेट. म्हणजे ज्या शत्रुराष्ट्राच्या राजमातेशीं तिनें सुमारें चार आठवडे गांवागांवासाठीं वाद घातला, त्या लुईझच्या आईच्या आणि भावाच्या शेजारीं ती निजली आहे.